निळ्या दोरीचा झगा

२००५ साल असेल. साउथहॅम्प्टनला हॉस्पिटलमध्ये नोकरीला होते तेव्हा लंच-ब्रेकला मी शेजारच्या आर्ट गॅलरीत जायचे. तिथे ग्वाटेमालाची एक बाई जमिनीवर बसून विणत असायची. मागाचं एक टोक खांबाला, दुसरं तिच्या कमरपट्ट्याला. ताण हवा असला की ती नुसती मागे रेलायची. तिच्या गावच्या बायका उइपील नावाचा झगा घालतात, तसाच ती बंदरावर टाकून दिलेल्या निळ्या नायलॉनच्या दोरीचा विणत होती. चार महिने! नाव मी कधी विचारलं नाही.

शेवटच्या दिवशी गॅलरी भरली होती. विणलेलं लावायला काचेची मोठी चौकट तयार होती. तिने कात्री उचलली आणि थेट कापडाच्या मधोमध चालवली.

"अहो, काय करताय!" मी चक्क मराठीत ओरडले.

ती थांबली नाही. पडलेल्या भोकातून डोकं बाहेर काढून ताठ उभी राहिली.

"इतके दिवस हे नुसतं कापड होतं," ती म्हणाली. "मान आत गेली की झगा होतो."

टाळ्या थांबेनात. चौकट रिकामी ठेवून ती तशीच, निळीशार, बाहेर बसच्या रांगेत जाऊन उभी राहिली.

माझा लग्नातला शालू सहा वर्षं सुटकेसमध्ये पडून होता. त्या शनिवारी तो नेसून मी दूध आणायला गेले.