खडूने लिहिलेली तारीख

हायकोर्टाच्या व्हरांड्यात द्वारकाबाईंनी मोर्चाचा लाल कापडी बॅनर मांडीवर पसरला. 'आमच्या वस्तीला पाणी द्या' ही अक्षरं पांढऱ्या रंगाने रंगवलेली होती, खाली तारीख मात्र खडूने लिहिलेली.

"तारीख का नाही रंगवली?" मी विचारलं.

"दोनदा रंगवली, वकीलसाहेब. दोनदा नवं कापड आणावं लागलं. खडू कसा, पुसता येतो."

आमची ही तिसरी याचिका. मोर्चा ठरला की कलेक्टर पंधरा दिवसांची जमावबंदी लावतात. मी त्या आदेशाला आव्हान देतो, आणि आमचा नंबर लागेपर्यंत त्याची मुदत संपलेली असते. "आदेशच उरला नाही, तर रद्द काय करायचं?" न्यायमूर्तींनी आजही अगदी सौजन्याने विचारलं. कालच नवा आदेश निघालाय, असं मी सांगितलं. तर म्हणाले, त्यासाठी नवी याचिका करा.

लाठी उगारली असती तर निदान कुणाचा तरी हात वर झालेला दिसला असता. इथे कुणी आवाजसुद्धा चढवत नाही. रस्त्यावर येण्याचा तुमचा हक्क सगळ्यांनाच मान्य आहे. फक्त पंधरा दिवस थांबा म्हणतात. मग आणखी पंधरा दिवस. माणसं अशीच थांबून थांबून म्हातारी होतात.

द्वारकाबाईंनी पदराने तारीख पुसली, खडू हातात घेतला आणि माझ्याकडे पाहिलं.

"आता कुठली लिहू?"

मी डायरी चाळत राहिलो. त्यांनी बराच वेळ वाट पाहिली. मग खडू पिशवीत टाकला आणि बॅनरची घडी घातली.