वानरीचा दहावा

निशाचा उजवा हात प्लॅस्टरमध्ये असतानाच राजकुमार तिला सिनेमाला घेऊन गेला. मारलं की आठवड्याच्या आत काहीतरी लाड करायचे, ही त्याची अकरा वर्षांची रीत. कधी साडी, कधी बांगड्या. या खेपेला विहिरीवरची मोटार बंद करायला उशीर झाला म्हणून दांडका बसला होता आणि मनगटाचं हाड मोडलं होतं, तेव्हा सिनेमा. बरोबर सासूबाई, म्हणजे सारजाबाईही होत्या. "मोरीत घसरली," असं त्यांनी शेजारीपाजारी सांगून टाकलं होतं.

सिनेमा माकडांचा होता. प्रयोगाच्या सुया टोचून टोचून त्यांना माणसाची अक्कल येते. पिंजऱ्यांचा राखणदार एका माकडिणीला रोज झोडपतो, तिचे दात पाडतो. ती ओरडायचं सोडते आणि नुसती त्याच्याकडे बघत राहते. राजकुमारनं शिट्टी मारली. पुढं माकडं सुटली, राखणदाराची मान कडकन मोडली, तेव्हा मात्र त्याचा पॉपकॉर्नचा हात थांबला.

"आपल्याकडची वानरं अशी बघाय लागली तर लई अवघड हाय," तो येताना म्हणाला.

"त्यांना सीताफळापुढं काय कळतंय रे," सारजाबाई हसल्या.

पडेगावच्या मागं त्यांची सीताफळाची बाग होती. तिसऱ्या दिवशी सकाळी तिथं वानरांची टोळी उतरली. राजकुमारनं फटाका फोडला. सगळी पांगली, एक वानरी तेवढी हलली नाही. बांधावर बसून, फळ हातात धरून ती त्याच्याकडे बघत राहिली.

"बघती काय? आं? बघती काय?"

निशा गोठ्यापाशी उभी होती. हे शब्द तिच्या ओळखीचे होते. दांडका एकदा पडला, मग थांबलाच नाही. वानरी आडवी झाली तरी तो हाणत होता, शर्टावर रक्त उडत होतं. तेवढ्यात झाडावरून तीन वानरं त्याच्या अंगावर कोसळली. पोटरीचा लचका तोडला, कान फाडला. घाटी दवाखान्यात सतरा टाके पडले.

वानराला मारणं म्हणजे मारुतीरायाचा गुन्हा. वस्तीनं वानरीची तिरडी बांधली, हळदकुंकू वाहून तिला मूठमाती दिली. दहाव्याला राजकुमारचं मुंडण झालं. वस्तीतले जुने जाणते कडुबाआबा मारुतीच्या पारावर बसले होते. मारणाऱ्यानं सगळ्यांदेखत पाप बोलून दाखवायचं, मगच नैवेद्य, असा तिथला नियम.

"कसं मारलंस ते सांग. काय ठेवू नको."

"आधी हातावर हाणली, आबा. तरी बघतच व्हती. मग डोस्क्यात." राजकुमार हुंदके द्यायला लागला. "हात थांबंनाच. मला कळलंच नाय."

ते रडणं खोटं नव्हतं. बायाही डोळ्यांना पदर लावत होत्या. डाव्या हातात नैवेद्याचं ताट घेतलेल्या निशाच्या डोळ्यांत पाणी आलं नाही. तिनं ताट खाली ठेवलं.

"आबा, माझा हात झालाय," ती म्हणाली. "डोस्कं तेवढं राहिलंय."

राजकुमार लंगडत उठला. आता त्याच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. "घरी चल तू. दावतो."

"खाली बस!" कडुबाआबा गरजले. तो बसला नाही. दोघा-तिघांनी त्याला दंडाला धरून दाबलं, तेव्हा त्यानं एकाच्या तोंडावर कोपर मारलं. त्या माणसाचा ओठ फुटला, धोतरावर रक्त ठिबकलं.

"पोरी, घरातलं घरात मिटवू गं," सारजाबाई तिचा पदर ओढत म्हणाल्या.

"सोडा, आत्या."

पदर फाटला. निशा तशीच दौलताबाद रस्त्याला आली आणि भरलेली रिक्षा डाव्या हातानं थांबवली. "छावणीला. पोलीस स्टेशनापाशी उतरायचंय."

रिक्षावाल्यानं प्लॅस्टरकडे पाहिलं आणि मागच्यांना म्हणाला, "सरका वो जरा."