एकोणचार

"तीन म्हण," बाप म्हणाला. "त्यात अवघड काय आहे? दोनाच्या पुढे तीन. म्हण."

"एकोणचार," पोर म्हणाली.

"पुन्हा तेच!" त्यानं टेबलावर थाप मारली तशी पेन्सिल घरंगळून खाली पडली. "ताई, ऐकतेस ना? दुसरीतली घोडी झाली आणि हिला तीन म्हणता येत नाही."

"म्हणता येतं," ओट्यापाशी कांदा चिरणारी आत्या मागे न बघता म्हणाली. "म्हणायचं नाहीये तिला."

"म्हणायचं नाहीये! हा काय मर्जीचा मामला आहे? उद्या मी लिफ्टमधलं तिसऱ्या मजल्याचं बटण काढून तिथं 'एकोणचौथा' लिहिलं, तर माणसं उतरतील कुठे?"

पोर, म्हणजे चिमटी, खुदकन हसली. त्यानं बाप आणखीच भडकला. तो लिफ्ट दुरुस्त करणारा माणूस होता, विनोद करणारा नव्हता. आयुष्यात चुकून केलेला विनोदही त्याला परवडायचा नाही.

भांडण होतं शाळेतून आलेल्या एका कागदावरून. 'घरातलं गणित' असं वर छापलेलं होतं. तुमच्या घरात चमचे किती, खिडक्या किती, उशा किती, मोजा आणि अक्षरांत लिहा. चिमटीनं सगळं नीट मोजून नीट लिहिलं होतं. शेवटचा प्रश्न होता, घरात माणसं किती? तिथं तिनं वळणदार अक्षरात लिहिलं होतं 'एकोणचार'. त्याखाली बाईंचा लाल शेरा होता: असा अंक नाही. मागेही सांगितलं आहे. पालकांनी येऊन भेटावं.

"हे खूळ तू घातलंस तिच्या डोक्यात," भाऊ आत्याला म्हणाला. "तूच निस्तर."

"मी एकटीनं नाही घातलं."

बोलून गेली आणि तिनं जीभ चावली. भावानं वाकून पेन्सिल उचलली, टोक मोडलंय का पाहिलं आणि कागदावर ठेवली. दुसरी जी कोण होती तिचं नाव घरात काढायचं नाही असं कुणी ठरवलं नव्हतं, पण हल्ली कुणी काढत नव्हतं.

आत्या म्हणजे या घरातली थोरली. लग्नाचं तिचं जमता जमता राहिलं, मग जमवायचंच राहिलं. तरुणपणापासून ती एका मोठ्या इस्पितळाच्या धुलाईघरात कामाला. घड्यांच्या टेबलावर. धुऊन, वाळून, इस्त्री होऊन आलेल्या चादरींच्या घड्या घालायच्या, दहा-दहाचे गठ्ठे करायचे, जुन्या चादरीच्या फाडलेल्या पट्टीनं बांधायचे आणि फळीवर चढवायचे. तिचा एक नियम होता. नऊ भरल्या आणि दहावी हाताशी नसली तर गाठ मारायची नाही. तो उणा गठ्ठा फळीच्या कडेला मोकळा ठेवायचा. दहावी पुढच्या फेरीत येते. कामाला लागलेल्या नव्या पोरी घाई करायच्या, तेव्हा ती ओरडायची, "अगं, नवावर गाठ मारलीस की दहावी अनाथ झाली! मग ती कुणाच्या गठ्ठ्यात घालायची?"

अशाच एका नव्या पोरीनं उलट विचारलं होतं, "आणि ती आलीच नाही तर?"

"येते. न येऊन जाईल कुठे? चादरच आहे ती, तिला काय पाय आहेत?"

ती पोर म्हणजे वहिनी. तेव्हा वहिनी नव्हती अर्थात. वाफेच्या इस्त्रीवर उभी राहायची, केस कपाळाला चिकटलेले, तोंड सतत चालू. घामाघूम होऊनही हसणारं माणूस आत्यानं तोवर पाहिलं नव्हतं. आपला भाऊ घुमा, त्याला अशीच हवी, म्हणून तिनंच पुढाकार घेऊन लग्न जमवलं. लग्नानंतर कामावर आल्या दिवशी वहिनीनं सगळ्या धुलाईघराला ऐकू जाईल अशा आवाजात हाक मारली, "वन्सं, जरा ती टोपली इकडं सरकवता का?" यंत्रांच्या आवाजावरून हशा वर गेला. "तुझ्या भावाला हसायला शिकवते की नाही बघ," असंही ती म्हणाली होती. तेवढं मात्र जमलं नाही.

चिमटी झाली ती चिमट्यासारखीच, आईच्या कपड्यांना धरून लोंबणारी. म्हणून चिमटी. ती पहिलीत गेली आणि घरात संध्याकाळची शाळा सुरू झाली. दोन दमलेल्या बायका गरम पाण्याच्या बादलीत पाय सोडून बसायच्या, आणि पोर पुढ्यात. खेळणी-बिळणी नव्हती. मोज्यांच्या जोड्या लावायच्या, एक उरला की विषम. चमचे दहा-दहा करून पट्टीनं बांधायचे. बटणांच्या डब्यातून मूठ भरायची आणि मुठीत किती असतील ते आधी सांगून मग मोजायचं. वाचन चालायचं ते फडक्यांवरून. इस्पितळातल्या फाटक्या चादरी घरी यायच्या, त्यांवर छाप असायचा. त्यामुळे चिमटीनं पहिल्यांदा वाचलेला शब्द 'कमळ' नव्हता, 'बालविभाग' होता. आणि आयुष्यातलं पहिलं जोडाक्षर तिनं वाचलं ते 'रद्द'. त्या दिवशी वहिनीला इतकं हसू आलं होतं की बादली कलंडली. पुढे घरात तो खेळच झाला. भोक पडलेला टॉवेल? रद्द! कान तुटलेला कप? रद्द! पोर घरभर फिरून शिक्के मारायची.

घोडं अडलं अठ्ठावीसच्या पुढे. एकोणतीस, एकोणचाळीस, एकोणपन्नास काही केल्या डोक्यात बसेनात. "तीस आलेच नाहीत, तर त्यांचं नाव आधीच का घ्यायचं?" असं ती विचारायची. तेव्हा आत्यानं तिला उण्या गठ्ठ्याची गोष्ट सांगितली. एकोण म्हणजे एक उणा. एक यायचा आहे. तो येणारच आहे, म्हणून नाव त्याच्या घरचं.

"मग नव्याण्णवला एकोणशंभर का नाही?"

"तिथवर येईपर्यंत दमले असतील लोक," वहिनी म्हणाली. "तू नको डोकं खाऊ."

आणि मग तिनंच तो शब्द काढला. तिची उशिराची पाळी असली की ती निघताना फोन करायची. "किती जण आहात गं घरी?"

"तीन!"

"तीन कसे? मी यायचीय ना?"

पोरीला एका दमात उमगलं. "एकोणचार!"

"हां. मग आलेच मी."

तेव्हापासून रोजचंच झालं. किती जण आहात? एकोणचार. मग आलेच. चिमटी फोन ठेवून चार ताटं मांडायची. कधी बाप उशिरा यायचा तेव्हाही एकोणचार, पण त्यात ती मजा नव्हती. बाप काही फोन करून विचारायचा नाही.

दुसरीची शाळा सुरू झाली त्या सुमारास वहिनी लांबच्या शहरात गेली. एका म्हातारीची देखभाल करायला, सहा महिन्यांपुरती. सहाचे आठ झाले. फोन दर रविवारी यायचा, आणि त्यातही तेच विचारलं जायचं. फक्त 'मग आलेच मी' हळूहळू 'मग येतेच हं' झालं, आणि मग नुसतं 'हं'. पोरीला फरक कळला नाही. आत्याला कळला, पण तिनं तो कळू दिला नाही, स्वतःलासुद्धा.

गेल्या आठवड्यात तिचा फोन घरी न येता धुलाईघरातल्या कारकुनाच्या टेबलावर आला. आत्या घामेजलेले हात फडक्याला पुसत धावली. 

"पोर बरी आहे ना?"

"बरी आहे. तू कधी येतेस?"

पलीकडून वहिनी म्हणाली, "तिला आता तीन म्हणायला शिकव."

आत्याला आधी वाटलं, शाळेतल्या गणिताचं काही कानावर गेलं असेल. "अगं, बाई काय, दोन दिवस ओरडतील..." एवढं ती म्हणाली आणि थांबली. हातातलं फडकं तिनं नकळत पिळायला घेतलं. "तिकडं कुणी आहे का?"

"कुणी नाही गं. तेच तर. इथं दिवसभर मला कुणी हाक मारत नाही. म्हातारीला माझं नावसुद्धा आठवत नाही, आणि मला त्यातच बरं वाटतं. तिकडं तुम्ही सगळे मला हाका मारायचात, आणि हाकेला ओ देणारी मी कोण ते मलाच माहीत नसायचं. नाही येववत आता."

"आणि पोर?"

"ती तुझ्याकडे आहे म्हणून तर मला जमलं."

बाकीचं सगळं आत्यानं गिळलं असतं, हे एक वाक्य गिळलं जाईना. पोरीला आपण न्हाऊ घातलं, शिकवलं, जीव लावला, त्याचा असा उपयोग झाला. आपण दार धरून ठेवलं आणि त्यातून ती बाहेर गेली.

घरी तिनं काही सांगितलं नाही. रविवारी फोन वाजला नाही तेव्हा पोरीला म्हणाली, लाइन खराब आहे. भावाला म्हणाली, म्हातारी आजारी आहे, सवड झाली नसेल. खोटं बोलायची तिला सवय नव्हती, म्हणून ते ती फार व्यवस्थित बोलली. गाठ मारायची नाही, कडेला मोकळं ठेवायचं. इतकी वर्षं तेच केलं होतं.

आता कांदा चिरून झाला होता. एवढ्यात भावाला फोन आला, पलीकडच्या इमारतीत लिफ्ट अडकली होती, आत माणसं होती. हत्यारांची पिशवी उचलून तो निघाला. दारात थांबून म्हणाला, "मी येईपर्यंत तिला तीन आलं पाहिजे." आवाज मघासारखा चढा नव्हता. आत्याला वाटलं, यालाही काही कळलं असेल का? पण तो जिना उतरूनही गेला.

तिनं वाळलेल्या मोज्यांची टोपली पोरीपुढे ओतली. "चल, जोड्या लाव."

चिमटीनं भराभर जोड्या लावल्या. शेवटी करडे मोजे उरले.

"हे किती?"

"तीन," चिमटी म्हणाली. सरळ, न अडखळता.

आत्या बघतच राहिली. "आणि माणसं?"

"एकोणचार."

"का गं? मोजे तीन आणि माणसं एकोणचार, असं का?"

"चौथा मोजा हरवलाय ना," पोर तिला समजावून सांगावं तशी म्हणाली. "आई कुठे हरवलीय?"

आत्यानं एक मोजा उचलला, आत हात घालून उलटा केला, पुन्हा सुलटा केला. चिमटी तिच्या जवळ सरकली आणि दाराकडे बघत हळूच बोलली, "तुला एक सांगू? बाबांना नाही सांगायचं. मला माहितीये तीन. पण माझ्या बाकावरचा तो जाड्या आहे ना, त्याचं गणित सारखं चुकायचं. बाईंनी चिठ्ठी दिली. पहिल्यांदा त्याचे आजोबा आले. तरी तो चुकतच राहिला. मग त्याची आई कामाच्या गावाहून आली, गाडीत बसून. दोन दिवस राहिली." तिनं बाईंच्या शेऱ्यावर बोट ठेवलं. "पालकांनी. म्हणजे आईनं पण. बाबा जातील उद्या, तर मी पुन्हा तेच लिहीन. मग तिला यावंच लागेल."

"आणि नाही आली तर?"

"मग बाकीचं पण चुकवीन. मला खूप येतं, खूप चुकवता येईल."

आत्या उठून मोरीत गेली. नळ सोडला, तोंडावर पाणी मारलं, आणि नळ तसाच वाहू दिला, आवाज झाकावा म्हणून. आपण या पोरीला शिकवलं काय आणि ती शिकली काय! इतकी हुशार पोर, आणि ती आता एकेक येणारी गोष्ट चुकवत जाणार. आधी तीन, मग सात, मग अक्षरं. आणि प्रत्येक चुकीनंतर दाराकडे बघणार. कडेला मोकळा ठेवलेला गठ्ठा एका जागी पडून राहतो. पोर पडून राहत नाही, ती वाढते.

बाहेर ताटांचा आवाज झाला. चिमटी ताटं मांडत होती. हे तिचं काम. एक बाबांचं, एक आत्याचं, एक आपलं, आणि खिडकीपाशी एक.

भाऊ परत आला. "निघाली माणसं बाहेर," एवढंच म्हणाला, हात धुतले आणि बसला. मग पोरीकडे बघून, जरा समजुतीनं, "काय गं, आलं का?"

चिमटीनं आत्याकडे पाहिलं आणि ओठ मिटून घेतले. गुपित होतं ते.

आत्या उभीच होती. तिनं खिडकीपाशी जाऊन ते चौथं ताट उचललं. कोरडंच होतं, तरी पदार्थ सांडल्यासारखं दोन्ही बाजूंनी पुसलं आणि फळीवर नेऊन ठेवलं, इतर ताटांच्या खाली.

"आत्या, तू चुकलीस," चिमटी म्हणाली. मग तिच्या चेहऱ्याकडे बघता बघता पोरीचा आवाज बारीक झाला. "रद्द?"

या घरात तो शब्द फडक्यांना लागायचा, कपांना लागायचा. भावाचा हात ताट ओढायला पुढे गेला होता तो तिथंच राहिला. त्यानं मान वर करून बहिणीकडे पाहिलं.

आत्या आपल्या जागेवर बसली. पोरीला तिनं ओढून जवळ घेतलं, घट्ट, सुटता येणार नाही असं. वाढायला सुरुवात केली, आधी भावाला, मग पोरीला, मग स्वतःला, आणि वाढता वाढताच, मीठ हवंय का विचारावं तशा आवाजात सांगितलं:

"तिचा फोन आला होता. ती येणार नाही. उद्या शाळेत मी जाईन, बाईंना काय ते मी सांगेन. आजपासून ताटं तीन."