रोवणीचं गाणं, बंद खोलीत

आमच्या घरात बी. ए. झालेला मी पहिला. हे मी आजही ताठ मानेनं सांगतो, कारण ते फुकट मिळालेलं नाही. पण त्याच शिक्षणाच्या तोऱ्यात मी एक काम केलं, तेही सांगायला पाहिजे.

सत्तरच्या दशकाची अखेर होती. भंडाऱ्याच्या कॉलेजात आमचे मराठीचे सर रोवणीची गाणी गोळा करत होते. पवनीकडच्या आमच्या गावात माझी माय गाण्यासाठी प्रसिद्ध. पाण्यानं भरलेल्या बांधीत, भाताच्या खाचरात, धान रोवताना ती ओळ उचलायची आणि पंधरा-वीस बाया ती झेलायच्या. सरांनी मला सेलवर चालणारा टेपरेकॉर्डर दिला. मी बांधीच्या कडेच्या धुऱ्यावर बसून, पाय चिखलात सोडून, तासाभराची गाणी भरून आणली.

सरांनी ती कॅसेट वर्गात लावली. माइकवर वारा फडफडत होता. पाणी डुबडुब वाजत होतं. मध्येच एका बाईनं दुसरीला कचकचीत शिवी दिली आणि सगळ्या खिदळल्या. वर्गही हसला.

"यात गाणं कुठं आहे?" सर म्हणाले. "हा तर बाजार झाला. मागचा आवाज अजिबात नको. स्वच्छ पाहिजे."

मला लाज वाटली. तिचा राग मी सरांवर काढला नाही, घरच्यांवर काढला.

रविवारी पूर्ण तयारीनं गावी गेलो. मधल्या खोलीच्या दाराखिडकीवर वाकळा टांगल्या. शेळ्या शेजाऱ्याकडे बांधल्या. छपराच्या कवेलूतल्या चिमण्या काठीनं हाकलल्या. माइक हातात धरला की घासल्याचा आवाज येतो, म्हणून खाली पोतं अंथरून, धान मोजायची पायली पालथी घालून, त्यावर तो ठेवला. मायला वीतभर अंतरावर बसवलं.

तिनं गाणं धरलं आणि तिचे हात हलायला लागले, रोप लावताना हलतात तसे. बांगड्या वाजल्या. मी टेप मागं घेऊन ऐकली. गाण्यापेक्षा बांगड्याच जास्त.

"हात हालवू नको ना, माय."

"हात नाही हालला त गानं कसं येईन, बापा?"

तरी तिनं हात मांडीत दाबून धरले. दुसरीच ओळ विसरली. तीनदा असंच झालं. शेवटी मी वैतागून म्हणालो, "बांगड्या काढून ठेव ना थोडा वेळ."

दाराशी मोठी माय बसली होती, बाबांची वहिनी. बांगडी फुटली तरी 'वाढवली' म्हणणारी बाई ती.

"काहून रे? तुहा बाप मेला का?"

"काच हाये ते, मोठी माय. बाकी काही नाही."

"काच हाये मन्ते! हेच सिकवलं का तुले तिकडं?"

ओसरीवरून बाबांचा आवाज आला, "काढ वो, काढ. पोरगा सिकेल हाये. आपल्याले काय समजते?"

तो टोमणा होता, हे कळायला बी. ए. लागत नाही. पण मी न कळल्यासारखं केलं. मायला म्हणालो, "पाय ना, बाबा बी मनून रायले."

माय उठली. जुन्या लुगड्याची पट्टी फाडली, पाण्यात भिजवली आणि दोन्ही हातांच्या बांगड्यांवर करकचून गुंडाळली. हात मोडलेल्या माणसासारखी येऊन बसली.

"भर आता," म्हणाली.

तीन गाणी तिनं एकटीनं म्हटली. बायांनी ओळ झेलायची तिथं ती सवयीनं थांबायची, कोणी झेलत नाही म्हटल्यावर पुढं जायची.

ही कॅसेट वर्गात लागली. "वा! आता कसं," सर म्हणाले. या वेळी वर्गात कोणी हसलं नाही. मी फुगलो.

पुढच्या रोवणीला मी धुऱ्यावर चढलो की बायांतून कोणीतरी म्हणायचं, "चूप व्हा वो, सायेब आला." गाणं तिथंच तुटायचं. माय मान वर करायची नाही. नंतरच्या वर्षीही तेच. मला आधी राग यायचा. मग येईनासा झाला, त्या जागी जे आलं ते रागापेक्षा वाईट होतं.

पुढं मला जवाहरनगरला नोकरी लागली आणि मी स्वतःचा टेपरेकॉर्डर घेतला. रोवणीच्या दिवसांत गावी गेलो. दुपारी माय जेवायला घरी आली तेव्हा म्हणालो, "माय, बांधीतच गा. बाया राहू दे, वारा राहू दे, शिव्या राहू दे. मी काहीच म्हणत नाही."

ती भात कालवत होती. "आता याद नाही राहत, बाबू," म्हणाली. "किती वर्सं झाली, गानंच सोडलं."

त्याच सकाळी बसमधून उतरून मी सडकेनं येत होतो. सडकेपासून आमची बांधी दिसत नाही, पण ऐकू येते. माय ओळ उचलत होती, बाया झेलत होत्या. मी झाडामागं उभा राहून तीन गाणी ऐकली होती.

माय माझ्याशी कधी खोटं बोलली नव्हती. मी ते ऐकलंय, हे मी तिला सांगितलं नाही. "बरं," म्हणालो, आणि तिनं वाढलेला भात खाल्ला.