सगळ्या बरण्यांत तुरटी

मला भूत चढलं होतं म्हणा ना! लालबागच्या आमच्या घरात, मधल्या खोलीच्या खिडकीत, मी लोणच्याच्या काचेच्या बरण्या मांडल्या आणि त्यांत पाणपिसवा सोडल्या. पाणपिसू म्हणजे तळ्यात उड्या मारत पोहणारा, टाचणीच्या डोक्याएवढा जीव. पाण्यात काही वाईट मिसळलं तर बहुतेकदा आधी ती मरते, मासा नंतर. कॉलेजात मी प्राणिशास्त्र शिकवते. पण हे फळ्यावर शिकवणं वेगळं, आणि घरच्या भांडणाचा निकाल पिसवांवर सोपवणं वेगळं.

भांडण पप्पांचं आणि काकांचं. काका म्हणजे पप्पांचे थोरले भाऊ. खकनारकडे, गावाला, आमची शेती आहे; वरच्या अंगाला काकांची केळी, खाली नाल्याकाठी पप्पांचं मासे पाळायचं तळं. गेल्या पावसाळ्यात तळ्यातले मासे पोट वर करून तरंगले. नेमकं त्याच आठवड्यात काकांनी केळीला लोहाचं चिलेट, म्हणजे पानं पिवळी पडू नयेत म्हणून द्यायचं लाल औषध, दिलं होतं. पप्पा म्हणाले, "दादा, तुझ्या लाल औषधानं माझे मासे मारले." काका म्हणाले, "शपथ घेऊन सांगतो, नाही." बस! बोलणं बंद. सख्खे भाऊ, पण बांधावर समोरासमोर आले की एक आभाळाकडे बघणार, दुसरा चपलेकडे.

यंदा काकांची बाग पिवळी पडली. नव्या पानांच्या शिरा तेवढ्या हिरव्या, बाकी पान हळद फासल्यासारखं. आमची जमीन चुनखडीची. नुसतं लोह टाकलं की माती ते धरून बसते. चिलेटमध्ये लोह दुसऱ्या रसायनाच्या मुठीत असतं, म्हणून मुळांपर्यंत पोचतं. औषधाची पिशवी घरात पडलेली, बाग डोळ्यांदेखत चाललेली, आणि काका ती फोडायला तयार नाहीत. मला म्हणाले, "बेटा, तुझा बाप हो म्हणेल तेव्हाच टाकीन. बाग गेली तर पुन्हा लावता येते." मला रडू आलं आणि रागही आला, दोघांचाही. म्हटलं, थांबा, आता मीच बघते.

तळ्याचं पाणी कॅनमध्ये भरून आणलं, फडक्यातून गाळलं. एका बरणीत नुसतं पाणी. दुसरीत शेतातून वाहून येईल तेवढं चिलेट, पुढच्यांत चढत्या मापानं जास्त. प्रत्येकीत सारख्या वयाची पिल्लं. दोन दिवस ठेवायचं, मग बरणी हलकेच हलवून बघायचं: पोहते ती जिवंत, हलत नाही ती गेली. आणि नुसत्या पाण्यातल्याच मेल्या तर सगळा प्रयोग बाद, हा पहिला नियम. रात्री मला झोप कसली येते!

दुसऱ्या दिवशी कॉलेजातून आले तर पप्पा बरण्यांपाशी उभे. "बघ," म्हणाले, "खलास! मी काय म्हणत होतो?" लाल बरण्या बघितल्या. खरंच, सगळ्या तळाशी. काकांना आता कुठल्या तोंडानं सांगू? मग नुसत्या पाण्याची बरणी उचलली. तिथेही सगळ्या तळाला, कापसासारख्या गाळात अडकलेल्या!

"मेल्या! पप्पा, ह्यासुद्धा मेल्या!" मी चक्क उडी मारली. पप्पांना वाटलं पोरीचं डोकं फिरलं. "अहो, ह्यात औषधाचा कणही नाही! मग ह्यांना कोणी मारलं?"

आई स्वयंपाकघरातून पदराला हात पुसत आली. "काय झालं गं एवढं ओरडायला? मी काही हात लावला नाही. फक्त तुरटी फिरवली."

"तुरटी?"

"मग? एवढं गढूळ पाणी! बिचाऱ्यांनी राहायचं कसं त्यात?" पावसाळ्यात नळाला गढूळ पाणी आलं की आमच्याकडे हंड्यात तुरटी फिरवतात, गाळ गोळा होऊन खाली बसतो, वर पाणी निवळशंख. गाळ बसता बसता माझ्या पिसवांनाही घेऊन गेला होता.

"अगं, पण सगळ्या बरण्यांत?" पप्पा म्हणाले.

"मग काय, एकाला वाढायचं नि एकाला नाही? पंगतीत दुजाभाव करायची सवय नाही मला."

मी आईला कडकडून मिठी मारली. ती म्हणे, "अगं, शिव्या दे, मिठी काय मारतेस!" तिनं फक्त लाल दिसणाऱ्या बरण्यांत तुरटी फिरवली असती, तर साध्या पाण्यातल्या मजेत पोहत राहिल्या असत्या, आणि मी स्वतः छातीठोकपणे काकांना गुन्हेगार ठरवलं असतं. मी हे पप्पांना सांगितलं. ते खुर्ची ओढून खिडकीपाशी बसले.

प्रयोग पुन्हा मांडला. ह्या वेळी पहारा पप्पांचा. आई नुसती जवळून गेली तरी, "ए, तुरटी कुठंय तुझी?" दोन दिवसांनी माझं भिंग हिसकावून घेऊन तेच ओरडायला लागले, "पोहतेय! ही पण! अरे, ही तर नाचतेय!" साध्या पाण्यातल्या जिवंत, शेतातून येईल तेवढ्या औषधातल्याही जिवंत. अगदी तीव्र औषधाच्या बरणीत मात्र काही निपचित पडलेल्या. म्हणजे औषधाचा ड्रम नाल्यात धुवायचा नाही, एवढं पथ्य. मासे कशानं मेले ते पिसवांनी सांगितलं नाही, पण शेतातल्या औषधावरचा डाग पुसला. मी तर घरभर नाचले!

पप्पांनी तिथूनच फोन लावला. "दादा, पिशवी फोड." मग खिडकीतल्या बरण्यांकडे बघत म्हणाले, "मी साधी बरणी न बघताच बोललो रे." काकांना ते काय कळणार!

रविवारी काका जेवायला आले. दोघं भाऊ शेजारी-शेजारी बसले. आईनं पप्पांच्या ताटात मावा जिलेबी वाढली. काकांनी आपल्या ताटावर हात आडवा धरला, "मला राहू दे, त्यालाच वाढ."

"हात काढा, भाऊजी," आई म्हणाली. "एकाला वाढून एकाला नाही, असं माझ्याकडे चालत नाही."

काकांनी हात काढला. जिलेबी ताटात पडली, तरी ते नुसते बघत बसले. डोळे भरून आले होते.

"खा ना, दादा," पप्पा म्हणाले.