सातव्या खुर्चीवरचा कोट

श्रीवैद्यनाथाला साष्टांग प्रणिपात. ज्याच्या भाळी चंद्र आणि कंठात विष, त्याला स्मरून लिहावयास बसलो आहे. निमित्त असे की आमच्या सिरसाळ्याच्या तेलगिरणीची स्मरणिका निघणार आहे. मुंबईच्या कंपनीशी भागीदारी ठरली त्या दिवसाची एखादी गोड आठवण जुन्या कर्मचाऱ्याने लिहून द्यावी, असा निरोप मला आला. आठवण आहे. गोड नाही. जशी आहे तशी देतो.

केजच्या रस्त्यावरील एका ढाब्याच्या दारात मी उभा होतो. दिवेलागणीची वेळ. वार सोमवार. सकाळपासून पोटात पाण्याखेरीज काही नव्हते. आत लांब टेबल मांडलेले आणि त्याभोवती सात खुर्च्या. सहा खुर्च्यांवर माणसे बसली. सातव्या खुर्चीवर मुंबईच्या साहेबांनी आपला कोट टाकला. मी तिच्याकडे निघालो, तेव्हा आमच्या गिरणीचे मालक स्वतः उठून माझ्यापाशी आले आणि हलक्या आवाजात म्हणाले,

"गुरुजी, तुमी भाईर थांबा. तुमच्या कपाळाचं भस्म बघून सायबाच्या नरड्याखाली घास उतरायचा न्हाई."

कोट बसला. मी उभा राहिलो.

मी जातीने गुरव. वडील धर्मापुरीच्या जुन्या देवळात पूजेला होते. बालपणी मी पाठशाळेत संस्कृत शिकलो, परंतु आत बसून नव्हे. गुरवाच्या मुलाने वेद ऐकू नये, व्याकरण ऐकले तर चालेल, असा तेथला निर्णय होता. म्हणून मी उंबऱ्यावर बसलो. बारा वर्षे. धातुरूपे मला आतल्या मुलांपेक्षा लवकर पाठ होत, आणि तरीही बक्षिसाची शाल आतल्याच मुलाच्या खांद्यावर पडे. मत्सर म्हणजे काय हे मला षड्रिपूंच्या यादीतून शिकावे लागले नाही. त्या शालीने शिकवले.

पुढे पोटासाठी गिरणीत लागलो. पत्रव्यवहार माझ्याकडे, कचेरीची शिस्त माझ्याकडे. बावीस वर्षे. परदेशी यंत्रांना देशाची दारे उघडली, मालकांनी मुंबईच्या कंपनीशी बोलणी सुरू केली, तेव्हा नव्या व्यवसायाला एक व्यवस्थापक लागणार हे सर्वांना कळले. तो कोण, हे मालकांनी सांगितले नव्हते. एवढेच म्हणाले होते की पाहुण्यांसोबतच्या जेवणात त्याची ओळख करून देऊ. इच्छुक दोघे होतो. एक मी. दुसरे मालकांचे मेहुणे, संजयराव. वय सव्वीस. पुण्याला दोन वर्षे राहून आलेले, गळ्यात टाय. धंद्याचे पत्र कसे लिहावे, मायना कोठे आणि विनंती कोठे, हे मीच त्यांना शिकवले होते.

मग मुंबईहून दूरध्वनी आला. चार जण येणार, तिघे मुंबईचे आणि एक गोरे यंत्रतज्ज्ञ. रात्रीच्या भोजनाला स्टेक मिळाला तर बरे. कचेरीत कोणाला त्याचा अर्थ ठाऊक नव्हता. संजयरावांनी सांगितला. मांसाचा जाड, अखंड तुकडा, तव्यावर भाजलेला, काट्यासुरीने खायचा. पुण्यात त्यांनी तो खाल्ला होता. हे त्यांनी असे सांगितले की जणू काशीयात्रा करून आले आहेत. मालक शैव, घरी कांदासुद्धा सणावाराला वर्ज्य. ते माझ्याकडे वळले. "गुरुजी, जागा तुमी बघा. तुमी बघितल्यावर घाण ऱ्हायची न्हाई."

मला आनंद झाला. हे लिहिताना हात थांबतो, पण लिहितो. ज्याने आयुष्यात मांसाला स्पर्श केला नाही, त्याला मांसाची जागा निवडण्याचे काम मिळाले आणि आनंद झाला. कारण जो सर्व सिद्ध करतो तो पंक्तीत शेवटी बसतो, पण यजमान स्वतः येऊन त्याच्या हातावर पाणी घालतो आणि म्हणतो, चला, आता तुम्ही. आमच्याकडे लग्नात, भंडाऱ्यात, कोठेही हीच रीत. मी तिच्यावर विसंबलो.

सिरसाळ्याच्या बाजारात पाहिले. धुराने भिंती काळ्या. केजच्या बसस्थानकामागची खाणावळ पाहिली, तेथे दुपारीच दारूचा दर्प. अखेरीस इस्माईलभाईंचा ढाबा. शेणाने सारवलेले अंगण, कडुनिंबाची सावली, घासून लखलखीत केलेली भांडी. मी आलो तसे त्यांनी बाजेवर धुतलेली चादर घातली. मी स्टेक समजावून सांगितला. त्यांनी दाढी कुरवाळली.

"तुकडे करायचेच न्हाईत म्हंता? मग गुरुजी, ते शिजणार कवा आन् सायब खाणार कवा?"

दोघेही हसलो. बोकडाच्या मांडीचे जाड काप करून लोखंडी तव्यावर भाजायचे ठरले. मग मी वार सांगितला आणि त्यांचे हसू गेले. हा रस्ता परळीच्या वैद्यनाथाकडे जाणाऱ्यांचा. सोमवारी त्यांच्या ढाब्यावर मटणाचे पातेले पालथे असे, फक्त पिठले-भाकरी. त्यांच्या वडिलांपासूनची वहिवाट. ते माझ्याकडे पाहत राहिले.

"तुमच्या सोमवारासाठी मी मटणाची चूल बंद ठिवतो, आन् तुमीच म्हंता पेटव? कावून, गुरुजी?"

मी फक्त आर्जव केले. पाहुणे मंगळवारी परत जाणार, वार बदलता येत नाही, गिरणीचे भले आहे. चाळीस वर्षे सोमवार धरणाऱ्या माणसाने एका मुसलमान गृहस्थापुढे हात जोडून आपलाच सोमवार मोडायला लावला. ते उठून आत गेले आणि पाठमोरेच म्हणाले, "तुमी म्हंता म्हणून."

ढाब्यावर बाजाच होत्या. म्हणून कचेरीतून खुर्च्या मी नेल्या. चार पाहुणे, मालक, संजयराव आणि मी. सात. सातवी माझी स्वतःची होती, बसण्याच्या गादीवर माझ्या पत्नीने जुन्या लुगड्याची खोळ शिवलेली. त्याच खुर्चीवर कोट पडला.

मी बाहेर कडुनिंबाखाली उभा राहिलो. दार उघडेच होते. मालकांच्या कपाळाकडे माझे लक्ष गेले. भस्म नव्हते. जीपच्या आरशात पाहून पुसले असावे. त्यांच्या ताटात मांस होते आणि ते सुरीने त्याला इकडून तिकडे सरकवीत होते. संजयराव मात्र सराईत. डाव्या हातात काटा, उजव्या हातात सुरी, ओठ न उघडता चावणे, मध्येच एखादा विनोद. गोरे साहेब मान मागे टाकून हसत. ते मांस मला नको होते. त्याचा वासही सहन होत नव्हता. तरी त्या काट्याचा मला मत्सर वाटला. ज्या सहजतेने ती बोटे तो काटा धरीत होती, तिचा. पाणिनीची सूत्रे ज्या जिभेवर आहेत ती जीभ त्या क्षणी एका काट्यापुढे हरली, असे मला वाटले, आणि असे वाटल्याची लाज त्याहून अधिक वाटली.

गोऱ्या साहेबांनी भोजनाची स्तुती केली. अशा आडबाजूला एवढी सुंदर जागा कोणी शोधली, असे विचारले. इतके इंग्रजी मला समजत होते. संजयरावांनी काटा खाली ठेवला आणि तळहात स्वतःच्या छातीवर ठेवला.

मालकांनी ते पाहिले. मालक पाण्याचा घोट प्याले. मग संजयरावांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले की हे आमचे नवे मॅनेजर. टाळ्या वाजल्या.

मी तरीही वाट पाहत होतो. खोटे का सांगू. कोणी हातावर पाणी घालील, म्हणून.

बोलावणे आले. संजयरावांनीच आतून हाक दिली.

"गुरुजी, या इकडं. एखादा श्लोक होऊन जाऊ द्या. उभ्यानंच म्हणा, फोटो चांगला येतो."

मी आत गेलो. टेबलावर हाडे होती. साहेबांनी कॅमेरा डोळ्याला लावला. मालक माझ्याकडे न पाहता म्हणाले, "म्हणा, गुरुजी. पाहुणे हायत."

जिभेच्या टोकावर श्लोक आलाही होता. गिरणीत पाहुणे आले की श्लोक म्हणायचा, ही बावीस वर्षांची सवय. आणि त्याच क्षणी मला पाठशाळेचा उंबरा दिसला. तेथे मला आत घेतले नाही, कारण मी पुरेसा पवित्र नव्हतो. येथे बाहेर काढले, कारण मी अधिक पवित्र होतो. निकष बदलला. दारातली माझी जागा बदलली नाही.

"म्हणणार नाही," मी म्हणालो.

आवाज चढवला नाही. सातव्या खुर्चीपाशी गेलो. कोट उचलला, नीट घडी घालून खिडकीत ठेवला. खुर्ची उचलली आणि सर्वांच्या समोरून बाहेर नेली. मागून मालक म्हणाले, "गुरुजी, खुर्ची कंपनीची हाय." मी अंगणात ती कडुनिंबाखाली ठेवली आणि बसलो.

इस्माईलभाई तांब्या घेऊन आले. त्यांनी माझ्या हातावर पाणी घातले. शेजारच्या माळीणबाईंकडून कोऱ्या मडक्यात दूध आणि केळीच्या पानावर भगर आणवून ठेवली होती, माझ्या उपवासासाठी, मला न सांगता. "तुमचा सोमवार मी मोडला," मी म्हणालो. ते म्हणाले, "मोडला तर खरं. आता खावा." क्षमा केली असे त्यांनी म्हटले नाही, आणि मीही तसे मानत नाही. पुढच्या सोमवारी त्यांचे पातेले पुन्हा पालथे होते. मी जाऊन पाहिले.

दुसऱ्या दिवशी खुर्ची कचेरीत परत ठेवली, गादी तेवढी काढून घेतली, किल्ल्या मालकांच्या टेबलावर ठेवल्या. धर्मापुरीला परतलो. आज माझ्या घरी जो येईल तो संस्कृत शिकतो. इस्माईलभाईंची नातही आली होती. उंबऱ्यावर कोणी बसत नाही.

मत्सर गेला असे लिहिले तर स्मरणिकेला शोभेल, पण ते असत्य होईल. संजयरावांची गाडी देवळावरून जाते तेव्हा जप करता करता माझा मणी चुकतो. तो चुकतो हे मान्य करून मी पुढचा मणी ओढतो. एवढे मात्र निश्चित आहे. जेथे मला बसायला जागा नाही, तेथे मी उभा राहून वाणी विकणार नाही, आणि पंक्तीसाठी दुसऱ्याचे व्रत मोडायला पुन्हा हात जोडणार नाही. स्मरणिकेत हे छापायचे असेल तर यातले एक अक्षर न गाळता छापावे. गाळायचे असेल तर परत पाठवावे.

वाचणाऱ्याचे आणि त्याच्या घरादाराचे वैद्यनाथ रक्षण करो. तुमच्या घरच्या पंक्तीला कधी माणूस कमी न पडो. आणि तुमच्याकडे ज्याने चूल मांडली, पाणी भरले, जागा झाडली, त्याच्या खुर्चीवर कोणाचा कोट असेल, तर तो उचलण्याचे बळ त्याच्या हातांना मिळो.