निळे दाणे

सत्तरीच्या दशकाच्या शेवटी सातपूरला विजेच्या सामानाच्या एका भांडारात मी भांडारपाल म्हणून लागलो. ट्रान्सफॉर्मर राखायचा म्हणजे त्याच्या आतल्या तेलाला ओल लागू द्यायची नाही; ओल लागलेला ट्रान्सफॉर्मर वीज सोडल्यावर फुटू शकतो. त्याच्या बाजूला काचेची एक बरणी असते, तिच्यात निळे दाणे. आत जाणारी हवा त्यांतून जाते. ओल लागली की दाणे गुलाबी होतात. मग तेलाचा नमुना तपासणीला पाठवायचा आणि दाणे कढईत भाजून पुन्हा निळे करून घ्यायचे. दोन्ही करायचं असतं. मी एकच केलं.

शेडमध्ये जागा नव्हती, म्हणून एक नवा ट्रान्सफॉर्मर मी पावसाळाभर आवारात ठेवला. ताडपत्री अर्धीच पुरली. दसऱ्याच्या सुमारास पाहतो, तर दाणे गुलाबी. नमुना पाठवला असता तर उघड्यावर कुणी ठेवला, हे निघालं असतं. माझी नोकरी अजून पक्की नव्हती. चहाच्या स्टोव्हवर मी दाणे भाजले आणि गप्प बसलो.

चार दिवसांनी पेठ तालुक्यातला लाइनमन तो न्यायला आला. पन्नाशीचा गडी, सगळे मामा म्हणत.

"भाऊसाहेब, नवरदेवावाणी सजवलाय की! बाहेर लय दिवस व्हता का?"

"आठवडाभर."

"तेल तपासलं?"

"दाणे दिसत नाहीत का, मामा? तपासायचं तर अजून पंधरा दिवस थांबा. गावाला सांगा, बसा अंधारात."

"नको रे बाबा! सरपंच माझंच डोकं खाईल."

हसत हसत सही करून गेले.

वीज सोडल्यावर थोड्याच वेळात तो फुटला. उकळतं तेल मामांच्या उजव्या हातावर आलं. बोटं आखडली ती कायमची.

चौकशीत साहेबांनी मला दाण्यांचा रंग विचारला. निळा, म्हणालो. मग मामांना विचारलं. पट्टीतला हात मांडीवर धरून ते म्हणाले, "निळंच व्हतं, साहेब. म्या सोता पाह्यलं. भाऊसाहेबांची काय बी चूक नाय."

म्हणजे माल चांगला होता, तेव्हा जोडणीच चुकली, असं ठरलं. त्यांच्या सेवापुस्तकात हलगर्जीपणाचा शेरा पडला. खांबावर चढणारा माणूस ऑफिसच्या दारात स्टुलावर बसू लागला. मी त्याच वर्षी पक्का झालो.

त्यांच्या निरोप समारंभाला मी गेलो होतो. गळ्यात हार तसाच, मला कोपऱ्यात घेऊन म्हणाले, "तुमाला यातलं कळतं म्हणून इचारतो. कोणता नट ढिला राह्यला आसंल? लय आठवून पाह्यलं, पण ध्यानातच येत नाय."

"होतं असं कधीकधी, मामा," मी म्हणालो.

मामा आता नाहीत. एकही नट ढिला नव्हता. हे त्यांना सांगू शकणारा माणूस मी एकटाच होतो, आणि त्या दिवशी पेढा खाऊन घरी आलो.